गोडं पाणी म्हणजे कोणतं?

प्रिय बाबा,

सकाळपासून मी एकच वाक्य लिहिते आहे आणि ते पुरं होत नाही. उद्याच्या पहिल्या गाडीनं मला संभाजीनगरला कामावर परत जायचं आहे. त्याआधी आईसाठी टाकीच्या सूचना एका कागदावर लिहून तो काचेला चिकटवायचा, एवढंच काम होतं. 'टाकीचं पाणी कमी झालं की' इथपर्यंत लिहिलं. पुढे कोणतं पाणी घालायचं, तो शब्द लिहिताना हात थांबतो. शेवटी तो कागद बाजूला ठेवला आणि हा घेतला.

तुम्ही जाऊन आज बावीस दिवस झाले. तुमच्या सहा फुटी टाकीत आता एकच मासा उरला आहे. हेडमास्तर.

आधी माझी तक्रार ऐका. तुम्ही काहीच लिहून का ठेवलं नाही, बाबा? मी किती वेळा म्हटलं होतं! कोणता पंप कधी धुवायचा, मीठ किती घालायचं, पाणी कुठलं वापरायचं, सगळं एका वहीत लिहा. तुम्ही फोनवर हसायचात. "माह्या डोळ्यात आहे ना सगळं. चित्र काढतानी कोणी लिहून ठेवते का?" आता मी तुमची सगळी कपाटं उघडून पाहिली. ब्रश सापडले, वाळलेल्या रंगाच्या बाटल्या सापडल्या, मुलांच्या परीक्षेची जुनी चित्रं सापडली. टाकीबद्दल एक ओळसुद्धा नाही.

या टाकीचं मूळ लोणारच्या तळ्यात आहे, हे मला फार उशिरा कळलं. तुम्ही सुलतानपूरचे. सायकलवर टांग टाकली की लोणार. खारं पाणी म्हणजे ते तळं, आणि त्यात मासा नाही. त्यामुळे खाऱ्या पाण्यात मासा जगतच नाही, असं तुम्ही चाळिशीपर्यंत धरून चालला होतात. मेहकरच्या शाळेत दरवर्षी पोरांकडून 'समुद्रकिनारा' हे चित्र काढून घेणारा चित्रकलेचा शिक्षक, आणि त्यानं समुद्र पाहिलेलाच नाही! मग शाळेची सहल कोकणात गेली. खडकातल्या एका डबक्यात तुम्हाला बोटाएवढा मासा दिसला. तुम्ही आधी बोट बुडवून ते पाणी चाखलं. "खारं होतं वं. जिभेले झोंबलं. अन् मासा आपला निवांत." ही गोष्ट तुम्ही मला इतक्यांदा सांगितलीत की पुढेपुढे मी ऐकता ऐकता मेल पाहायला लागले होते. ते तुमच्या लक्षात आलं होतं का?

निवृत्तीनंतर पंधराव्या दिवशी तुमचा फोन आला होता. "इंजिनेर बाई, एक गणित करून दे."

मी करून दिलं. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. काठोकाठ भरली तर सहाशे ऐंशी लिटर, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन सहाशे ऐंशी किलो. काच, दगड आणि लोखंडी स्टँड वेगळं. मी विचारलं, पुढच्या खोलीच्या फरशीखाली पोकळ तर नाही ना? तर तुम्ही काठीनं फरशी ठोकून त्याचा आवाज मला फोनवर ऐकवलात. "सांग, कसा वाटते?" फोनवरून फरशी तपासता येत नाही असं मी तुम्हाला कोरडेपणानं सांगितलं. आज तो ठोकल्याचा आवाज मला नीट आठवतो. भरीव होता, बाबा.

आणि तो संप! वरच्या टाकीच्या कोपऱ्यातून पाणी सांडून पाइपानं खालच्या टाकीत उतरतं, तिथं गाळलं जातं, आणि पंप ते परत वर चढवतो. त्या खालच्या टाकीला संप म्हणतात, एवढंच तुम्ही आईला सांगितलंत. आई म्हणाली, "पस्तीस वर्षं मास्तरकी केली, तवा कमी संप केले का? आता घरात आणून बसवला!"

त्या संपात पाणी किती ठेवायचं, त्याची रेष मी मार्करनं काढून दिली होती. ते माझं टाकीवरचं एकमेव हस्ताक्षर. लाइन गेली की पंप बंद पडतो आणि वरचं पाणी काही वेळ खाली येत राहतं. तेवढं मावायला संपात जागा हवी. शिवाय वर जाणारा पाइप उलटं पाणी ओढतो, म्हणून त्याला पाण्याच्या पातळीच्या एक सेंटिमीटर खाली बारीक भोक पाडा, असं मी बजावलं होतं. तिथून हवा शिरली की ओढ तुटते. तुम्ही भोक पाडलं नाहीत. का, तर त्यातून बारीक धार उडते आणि ती दिसायला चांगली दिसत नाही! पाणी भरल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी लाइन गेली. आईनं मला व्हिडिओ कॉल लावला. पुढच्या खोलीत घोटाभर पाणी, तुम्ही टॉवेलनं बांध घालताय, आणि आई दारात उभी.

"पाह्य वं, तुह्या बाबाचा संप चिघळला!"

"अवं, पोतं आण आधी!"

आई म्हणाली, "कायले? समुद्र आला तं येऊ द्या. मी पाय धुऊन घेतो."

तुम्ही दोघं हसत होतात. मी हसले नाही. "मी सांगितलं होतं," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी तुम्ही भोक पाडलंत आणि मला कळवलंत, "पाडलं. दोन बोटं खाली." मी एक सेंटिमीटर सांगितलं होतं. दोन बोटं म्हणजे नक्की किती, म्हणून मी पुन्हा वाद घातला. मापांवरून मी तुमच्याशी किती भांडले! शब्दांवरून मात्र कधीच भांडले नाही. तिथंच घात झाला.

पाणी भरून मीठ कालवल्यावर पाच आठवडे त्यात मासा सोडायचा नव्हता. दगडांवर आणि संपातल्या जाळ्यांवर जे जिवाणू धरतात, तेच पुढे माशांची घाण पचवतात. ते धरेपर्यंत थांबायचं. शेजारचे लोक यायचे, रिकाम्या टाकीसमोर बसायचे. "सर, आमाले पाणीच पाहाले बलावलं का?" तुम्ही म्हणायचात, "थांबा जरा. पाणी अजून शिजून राह्यलं."

आईला तुम्ही हे सगळं स्वयंपाकघरातल्या दाखल्यांनी समजावलंत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, वरून पंखे लावल्यावर टाकीतलं पाणी रोज दहा लिटर तरी उडायचं. आई विचारत होती, खाऱ्या टाकीत खारंच पाणी का घालत नाही? तुम्ही तिला विचारलंत, "आमटी आटली तं तू काय घालते? मीठ घालते का?"

"पाणी घालतो."

"हां! मीठ कुठं उडून जाते? ते राह्यते मांगं. आटलं तितकं गोडं पाणी घालाचं. बस."

किती चोख समजावलंत! मी चार पानं लिहिली असती तरी इतकं नीट जमलं नसतं. आईनं ते पक्कं धरून ठेवलं. खारं कमी झालं की गोडं घालायचं.

आणि गोडं म्हणजे? आपल्या घरात पाणी दोनच प्रकारचं. अंगणातल्या बोअरचं, ते खारं. भांडी पांढरी पडतात, डाळ शिजत नाही. आणि आठवड्यातून एकदा येणारं नळाचं, ते गोडं. माझ्या जन्माच्या आधीपासून या घरात गोडं म्हणजे नळाचं. तुम्ही ज्याला गोडं म्हणत होतात ते मात्र तिसरंच होतं. न्हाणीघरात मागच्या भिंतीला तुम्ही शुद्धीकरणाचं मशीन बसवलं होतं. नळाचं पाणी त्यातून थेंबथेंब गाळून निळ्या ड्रममध्ये साठायचं. ते मशीन भिंतीला आहे, तुम्हीच त्याचा कॉक फिरवायचात, आई फक्त एवढंच पाहायची की नळाला पाइप लावला आणि ड्रम भरला. तिच्या दृष्टीनं ड्रममध्ये नळाचंच पाणी होतं. तुम्ही तिसऱ्या पाण्याला नाव ठेवलं नाहीत, बाबा. आणि मीही ठेवलं नाही.

मी औषधांच्या कारखान्यात पाण्याचाच विभाग पाहते. आमच्याकडे पाण्याला चार नावं आहेत. प्रत्येक नळावर पट्टी, प्रत्येक पट्टीवर रंग. कुणी नुसतं 'पाणी' म्हणालं तर मी त्याला परत विचारते, कोणतं? नवीन मुली मला घाबरतात त्याच्यामुळेच.

माशांना नावं तुम्ही दिलीत. दोन केशरी जोकर मासे, त्यांना जोडीनं 'नवरानवरी'. दगडाच्या फटीतून डोकं काढून पाहत बसणारा तो 'शिपाई'. लाल पट्ट्यांची कोळंबी, ती 'बाई', कारण ती सगळ्यांना साफ करायची. आणि तो निळा, आकारानं सगळ्यात लहान, पण सगळ्यांच्या अंगावर धावून जाणारा हेडमास्तर. आई रोज खाणं टाकताना म्हणायची, "हेडमास्तर, सरका. पोरायले खाऊ द्या."

हे मी फोनवर ऐकलं. टाकी लागल्यापासून मी घरी फक्त चारदा आले. प्रत्यक्षात टाकीसमोर मी बसले असेन ते सगळं मिळून दोन तास. तुम्ही खुर्ची माझ्यासाठी ओढून ठेवायचात आणि मी उभ्यानंच विचारायचे, "तापमान किती आहे?" तुम्ही तापमान सांगायचात. तुम्हाला दुसरं काही सांगायचं होतं का?

आता ते सांगते जे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

तुम्हाला संभाजीनगरला दवाखान्यात आणलं, तेव्हा आई तीन दिवस तिथंच होती. चौथ्या दिवशी मीच तिला घरी पाठवलं. आत एकालाच थांबू देत होते आणि तिचे गुडघे बाकावर बसून सुजले होते. घरी पोचल्यावर दुपारी तिचा फोन आला. मी बाहेरच्या व्हरांड्यात उभी होते आणि नर्स दारातून सहीसाठी हाका मारत होती.

"खालच्या टाकीतलं पाणी तुह्या रेषेच्या लय खाली गेलं वं. पंप घरघर करून राह्यला. ड्रम तं रिकामा आहे. कोणतं पाणी टाकू?"

"गोडं टाक, आई."

"गोडंच ना?"

"हो, गोडंच. ठेवते मी."

फोनमध्ये अजून नोंद आहे. अडतीस सेकंद. त्यात मी एकदाही विचारलं नाही, गोडं म्हणजे कोणतं? कारखान्यातल्या कोणत्याही मुलीला मी विचारलं असतं. आईशी बोलताना मी आपल्या घरातला शब्द वापरला. घरात असताना मी नेमकी नसते, हे मला त्या दिवशी कळलं.

त्या दिवशी नळ आला होता. आठ दिवसांनी. पहिल्या धारेला ब्लीचिंग पावडरचा इतका वास की आई पिण्यासाठी भरायला थांबते. टाकीसाठी ती थांबली नाही, कारण पंप घरघरत होता. तिनं चार हंडे ओतले.

त्याच संध्याकाळी तुम्ही थोडे शुद्धीवर होतात. तोंडावरचा मास्क बोटानं सरकवून तुम्ही विचारलंत, "टाकीत... पाणी?"

"घातलं, बाबा."

"कोणतं?"

तुम्ही विचारलंत! त्या अवस्थेतही तुम्ही विचारलंत, कोणतं. आणि मी म्हणाले, "गोडं." तुम्ही डोळे मिटलेत आणि मान हलवलीत. बरं वाटलं असेल तुम्हाला. मला मात्र आता ती हललेली मान आठवली की बसवत नाही. दोन दिवसांनी तुम्ही गेलात.

क्लोरीननं मासे एकदम मरत नाहीत. आधी संपातले जिवाणू मेले, ज्यांच्यासाठी तुम्ही पाच आठवडे थांबला होतात. मग घाण पचेना, मग अमोनिया वाढला. कोळंबी पहिल्याच रात्रीत गेली होती. तुम्हाला घरी आणलं तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, टाकीकडे पाहायला मला तिसरा दिवस उजाडला. तपासणीच्या बाटलीत पाणी पिवळं राहायला हवं होतं. गडद हिरवं झालं. मी आईला विचारलं, "कोणतं पाणी टाकलं होतंस?"

"गोडं. तूच तं सांगतलं. नळ आलता, चार हंडे टाकले." मग ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. "काऊन वं? गोडंच पाह्यजे होतं ना?"

मी म्हणाले, "हो. बरोबर."

पुढचे सगळे दिवस मला जे येतं ते सगळं मी केलं. शुद्ध पाण्याचे जार मागवले, मीठ मोजून कालवलं, रोज टाकीतलं पाचवा हिस्सा पाणी बदललं, सकाळ-संध्याकाळ आकडे लिहिले. आकडे अगदी बरोबर होते आणि मासे मरत होते. आधी नवरी, मग नवरा. शिपाई फटीतून बाहेरच आला नाही. दगड उचलला तेव्हा मिळाला. जो कारखाना तासाला हजारो लिटर निर्मळ पाणी बनवतो, त्यात मी रोज उभी असते. इथं एका बादलीसाठी हात चोळत बसले होते. आईनं सगळ्यांना कढीपत्त्याखाली पुरलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना ती सांगायची, "त्याइच्या संगं गेले." लोक मान हलवायचे. मीही हलवली.

दहाव्याला नदीवर कावळा शिवेना. भाऊकाका एकेक बोलत होते. वहिनीले अंतर देणार नाही. पोरीचं लग्न करून देऊ. कावळा झाडावर बसून पाहत होता. मग काकांनी मला पुढे ओढलं. "तुह्या मायनं निरोप देला आहे. मासे सांभाळतो म्हण."

मी पुटपुटले.

"मोठ्यानं म्हण बाई! त्याले ऐकू गेलं पाह्यजे."

मी मोठ्यानं म्हणाले, "मासे मी सांभाळीन, बाबा." कावळा खाली आला. बायका रडल्या, काकांनी डोळे पुसले. कावळा का आला, याच्यात मी शिरत नाही. पण तेव्हा टाकीत दोनच मासे उरले होते आणि बाकीच्यांना कशानं मारलं हे त्या घाटावर फक्त मला माहीत होतं. तुम्ही ऐकलं असेल तर तुम्हालाही.

मला वाटत होतं, मी गप्प बसून आईला वाचवते आहे. तिच्या हातून झालं हे तिला कधी कळू नये. आज सकाळी अंगणात गेले तर उन्हात दोन बादल्या ठेवलेल्या, नळाच्या पाण्यानं भरलेल्या. त्यांच्या तोंडाला तुमचं ब्रश पुसायचं जुनं फडकं फाडून बांधलेलं. आई पायरीवर मेथी निवडत होती.

"आई, हे काय?"

"काही नाही. वास उडू देऊन राह्यली पाण्याचा."

"कशासाठी?"

"हेडमास्तरसाठी." तिनं मान वर केली नाही. "वासानं त्रास होत असंल त्याले. मले काय समजते बाई, असंल म्हणून म्हणतो."

मी तिथं उभी राहिले, बाबा. तिला माहीत आहे! मी जार आणायला लागले त्या दिवसापासूनच कदाचित. इतके दिवस ती माझ्यासमोर 'त्याइच्या संगं गेले' म्हणत राहिली आणि मनात आपले चार हंडे मोजत राहिली. आणि मी 'बरोबर' म्हणून तिला त्यातच ठेवलं. तिनं तर विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं, कोणतं टाकू, गोडंच ना? विचारणारी आई होती. न विचारणारी मी.

मी आत आले आणि सूचना लिहायला बसले.

आता दुपारचे चार वाजत आलेत. हेडमास्तर संपातून वर येणाऱ्या धारेपाशी उभा आहे. तुम्ही पाडलेल्या त्या भोकातून बारीक धार उडते आहे, आणि खरं सांगू का, ती दिसायला वाईट दिसत नाही. तपासणीचं पाणी आज पहिल्यांदा फिकट हिरव्यावर आलं. पिवळं नाही. तो जगेल की नाही मला सांगता येत नाही. दहाव्याला जो शब्द दिला तो पुरा करणं माझ्या हातात उरलेलं नाही, आणि खोटा धीर तुम्हाला मी पुन्हा देणार नाही.

दुसरा शब्द देते. ड्रमवर मी आत्ता ऑइल पेंटनं मोठ्या अक्षरांत लिहिणार आहे, 'मशीनचं पाणी'. तुमच्याच ब्रशनं. अक्षर तुमच्यासारखं येणार नाही. मग आईला न्हाणीघरात नेऊन तो कॉक तिच्या हातानं फिरवायला लावीन. आणि तिथंच, ड्रमपाशी उभी राहून तिला सांगेन की हंडे तिचे होते, पण शब्द माझा होता. तिनं विचारलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. उद्याच्या गाडीत बसण्याआधी सांगेन. "मंग इतके दिवस काऊन नाही सांगतलं?" असं ती विचारेल. त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही, बाबा. तरी सांगेन.

तुमची,
इंजिनेर बाई
(अश्विनी)